बिनखात्याचा मंत्री की स्वतंत्र प्रभाराचा राज्यमंत्री?

नाशिकच्या कॉलेजांत अभिरूप युवा संसदेची तयारी सुरू झाली की पंतप्रधान, गृह, अर्थ ही पदं पटकन वाटली जातात. मग उरलेल्या चांगल्या वक्त्याला बिनखात्याचा कॅबिनेट मंत्री करायचं की स्वतंत्र प्रभाराचा राज्यमंत्री (वर कॅबिनेट मंत्री नसलेला, खातं स्वतःच सांभाळणारा), यावर गाडी अडते.

कागदावर पहिला वरचढ. कॅबिनेटच्या बैठकीला तो हक्कानं बसतो. राज्यमंत्र्याला आपल्या खात्याचा विषय निघाला आणि बोलावणं आलं, तरच दार उघडतं. खातं नाही म्हणून हुद्दा किंवा पगार घटत नाही. 91व्या घटनादुरुस्तीनं मंत्र्यांची संख्या लोकसभेच्या 15 टक्क्यांवर, म्हणजे सध्या 81 वर, बांधली आहे. त्या मोजणीत बिनखात्याचाही धरला जातो. म्हणजे हे पद देताना कुणाची तरी जागा जातेच.

हातात मात्र काय? सचिव नाही, फायली नाहीत, अनुदानाच्या मागण्या (खात्याच्या खर्चासाठी लोकसभेची मंजुरी मागणं) नाहीत. प्रश्नोत्तराच्या तासाला राज्यमंत्री घामाघूम होतो, हा निवांत. (आपल्या जिल्ह्यानं 2025 मध्ये उलटी गंमत पाहिली: मंत्री होते, पण पालकमंत्री ठरेना!)

खरं वजन ठरतं ते खातं का नाही यावर. जानेवारी 1964 मध्ये भुवनेश्वरला नेहरूंची तब्येत ढासळली, तेव्हा कामराज योजनेत (ज्येष्ठांनी मंत्रिपद सोडून पक्षाचं काम करायचं, ही काँग्रेसची 1963ची योजना) बाहेर पडलेल्या शास्त्रींना बिनखात्याचे मंत्री म्हणून परत आणलं. काम होतं पंतप्रधानांचा भार हलका करण्याचं; जूनमध्ये तेच पंतप्रधान झाले. कृष्ण मेनन 1956 मध्ये असेच मंत्री झाले आणि जानेवारी 1957 मध्ये सुरक्षा परिषदेत काश्मीरवर जवळजवळ आठ तास बोलले. पुढे त्यांना संरक्षण खातं मिळालं, 1962 मध्ये ते गेलं, त्यांच्या जागी यशवंतराव चव्हाण आले आणि 1963 मध्ये त्यांना नाशिकनं बिनविरोध लोकसभेत पाठवलं.

उलट बाजूही आहे. 2005 मध्ये नटवर सिंह यांच्याकडून परराष्ट्र खातं काढलं. महिनाभर ते नावापुरते मंत्री राहिले, मग राजीनामा. 2003 मध्ये ममता बॅनर्जी केंद्रीय मंत्रिमंडळात परत आल्या, पण कोळसा खातं मिळेपर्यंत महिनोन्‌महिने ताटकळल्या. 2018 मध्ये अरुण जेटली आजारपणात बिनखात्याचे होते, ते मात्र निव्वळ सोयीसाठी.

म्हणून माझं मत: ज्याला आकडेवारी पाठ करायला आवडते आणि उलट प्रश्नांना भीत नाही, त्यानं राज्यमंत्रिपद घ्यावं. परीक्षकांना दिसणारं काम तिथंच आहे. बिनखात्याचं पद दांडग्या वक्त्यालाच द्या, आणि तेही पंतप्रधान होणाऱ्यानं आधी काम नेमून दिलं असेल तरच: रुसलेल्या मित्रपक्षाची समजूत, विधेयकासाठी मतांची जुळवाजुळव. विरोधी बाकांवरून ‘मंत्रिमहोदय नेमकं करतात काय?’ असं कुणीतरी विचारणारच. उत्तर आदल्या दिवशी तयार ठेवा.