कोल इंडिया की हिंदुस्तान झिंक : गुंतवणुकीपूर्वी हवामानविषयक वचनांची तुलना

निवृत्तीच्या पैशांतील काही रक्कम खाण कंपन्यांच्या शेअरमध्ये ठेवू पाहणाऱ्या सांगलीकरांच्या यादीत कोल इंडिया आणि हिंदुस्तान झिंक ही दोन नावे लाभांशामुळे हमखास येतात. लाभांशाचा हिशेब कोणीही करून देईल. मात्र ऐन हंगामात अवकाळी पावसाने तासगावची द्राक्षे वाया जाताना ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या कंपन्यांच्या कार्बन उत्सर्जनाचाही विचार करावासा वाटणे स्वाभाविक आहे, आणि ही तुलना तेवढ्यापुरतीच आहे.

उत्सर्जनाची नोंद तीन स्कोपमध्ये, म्हणजे तीन गटांत, होते. कुपवाड एमआयडीसीतील एखाद्या फाउंड्रीत जनरेटरसाठी जाळलेले डिझेल स्कोप १ मध्ये येते, महावितरणकडून घेतलेल्या विजेमागचे उत्सर्जन स्कोप २ मध्ये, तर कच्च्या मालापासून विकलेल्या मालाच्या वापरापर्यंतचे बाकी सारे स्कोप ३ मध्ये धरले जाते. कंपनीचे वचन यांपैकी कोणत्या स्कोपला लागू आहे, हा माझ्या मते पहिला प्रश्न असला पाहिजे. उद्दिष्टाचे साल त्यानंतर पाहावे.

कोल इंडियाच्या बाबतीत याच प्रश्नावर सारे अडते. कंपनीने ३,००० मेगावॅट सौरऊर्जा उभारण्याचे उद्दिष्ट जाहीर केले असून त्यातून स्वतःच्या वीजवापराची भरपाई करण्याचा तिचा मानस आहे. हे काम चांगलेच आहे. परंतु २०२४-२५ मध्ये कंपनीने सुमारे ७८ कोटी टन कोळसा काढला, आणि आपल्याकडील एक टन कोळसा जळाला की ढोबळमानाने दीड टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एका वर्षाच्या कोळशामागे शंभर कोटी टनांहून अधिक उत्सर्जन होते, आणि ते विकलेल्या मालाच्या वापरातले असल्याने स्कोप ३ मध्ये येते. सौरऊर्जेचे वचन त्याला स्पर्शही करत नाही. शिवाय खुल्या खाणींतील डंपरचे डिझेल आणि कोळशाच्या थरांतून सुटणारा मिथेन सौर पॅनेल बसवल्याने कमी होत नाही. देशाला वीज हवी आहे, भारताचे निव्वळ शून्य उत्सर्जनाचे (जेवढे उत्सर्जन तेवढेच शोषण) साल २०७० आहे आणि कंपनी बहुतांशी सरकारच्या मालकीची आहे, या गोष्टी मान्य करूनही कंपनीचे हे वचन अपुरे आहे, असे स्पष्ट म्हणावे लागते.

हिंदुस्तान झिंकचे वचन अधिक व्यापक आहे. २०२० च्या तुलनेत २०३० पर्यंत स्कोप १ व २ मधील उत्सर्जन निम्म्यावर आणणे, स्कोप ३ मधील २५ टक्क्यांनी घटवणे आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य गाठणे, ही तिची उद्दिष्टे सायन्स बेस्ड टार्गेट्स इनिशिएटिव्ह या आंतरराष्ट्रीय संस्थेने तपासून मान्य केली आहेत. जस्त शुद्ध करण्यासाठी टनामागे तीन ते चार हजार युनिट वीज लागते. ती कोळशाची असेल, तर केवळ विजेपायी टनामागे तीन टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड होतो. म्हणूनच या धंद्यात वीज बदलली की बरेच काही बदलते. कंपनीने ५३० मेगावॅट नवीकरणीय विजेचे करार केले आहेत, आणि ‘इकोझेन’ या तिच्या कमी-कार्बन जस्तामागे टनाला एक टनापेक्षा कमी उत्सर्जन होते, असा तिचा दावा आहे.

तरीही डोळे मिटून विश्वास ठेवू नये. ढालगावच्या किंवा चाळकेवाडीच्या पठारावरील पवनचक्क्या वारा पडला की थांबतात, हे आपल्याला ठाऊक आहे, आणि जस्ताच्या भट्ट्यांना व विजेने जस्त शुद्ध करणाऱ्या विद्युतघटांना चोवीस तास वीज लागते. कंपनीची स्वतःची औष्णिक वीजकेंद्रे आहेत, ती किती लवकर मागे पडतील यावर बरेच अवलंबून आहे. त्यातच उत्पादन दुप्पट करून वर्षाला २० लाख टनांवर नेण्याची तिची योजना आहे. वचन एकूण उत्सर्जन घटवण्याचे असल्याने टनामागचा आकडा कितीही सुधारला तरी तेवढ्याने ते पाळले गेले, असे म्हणता येणार नाही.

पडताळणी घरबसल्या करता येते. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर (व्यवसायाची जबाबदारी व शाश्वतता यांविषयीचा) अहवाल सक्तीचा केला आहे. त्यातील पर्यावरणविषयक सहाव्या तत्त्वाखाली स्कोप १ व २ चे आकडे मागील वर्षाशेजारी छापलेले असतात; स्कोप ३ मात्र ऐच्छिक भागात असतो. हवामानाला प्राधान्य असेल तर मी आज हिंदुस्तान झिंकची निवड करेन, आणि उत्पादन वाढत असताना तिचे स्कोप १ व २ मिळून होणारे एकूण उत्सर्जन सलग दोन-तीन वर्षे चढत राहिले, तर त्या निवडीचा फेरविचार करेन.