प्लास्टर घालणारा: हाताखाली शिकलेला की नोंदणीकृत?

मिरजेच्या दवाखान्यांत वर्षानुवर्षं प्लास्टर घालणारे मामा मी पाहिलेत. ओल्या पट्टीवरून हात फिरवण्याची त्यांची सफाई वर्गात बसून येत नाही. पण शिकवणाराच चुकला असेल, तर ती चूकही पुढच्याच्या हातात उतरते. घट्ट प्लास्टरखाली सूज वाढली, बोटं बधिर झाली, की काही तासांत स्नायू कायमचे निकामी होऊ शकतात. ही खूण ओळखणं नशिबावर कसं सोडायचं?

नोंदणीत निदान शिक्षण तपासलं जातं, गंभीर चुकीबद्दल नाव काढताही येतं. सहवैद्यकीय, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून उपचारात हातभार लावणाऱ्या तंत्रज्ञ वगैरेंच्या व्यवसायांसाठीच्या २०२१ च्या केंद्रीय कायद्यात राज्य परिषद आणि राज्य नोंदवही आहे. कागदपत्रांचा त्रास आहेच. तरी मी नोंदणीच्या बाजूचा; फक्त जुन्या मामांना परीक्षा देऊन आत यायची वाट हवी.