फॉर्म भरायला जा, कोर्स निवडायला नको

कोथरूडमधल्या एका कन्सल्टन्सीतून लेकीचा इंग्लंडचा अर्ज भरला. विषय सायकॉलॉजी आणि क्रिमिनॉलॉजी, म्हणजे गुन्हेगारीचा अभ्यास. (आजी अजून सगळ्यांना 'नात पोलिसात जाणार' असंच सांगते.) पाचपैकी तीन तारे देतोय.

अर्जातलं स्टेटमेंट, म्हणजे स्वतःबद्दलचं लिखाण, बघणाऱ्या मॅडम खरंच हुशार. 2026 च्या प्रवेशापासून यूकासने (तिकडच्या युनिव्हर्सिटींचे अर्ज घेणारी संस्था) सलग निबंध बंद करून तीन प्रश्न दिलेत: हा विषय का, शिक्षणातून काय तयारी झाली, बाहेर काय केलं. तिन्ही मिळून 4000 कॅरेक्टर, स्पेस धरून. लेकीने सुरुवात खुनाच्या एका वेब सिरीजने केली होती. मॅडम म्हणाल्या, "हे सगळेच लिहितात गं. तू स्वतः काय पाहिलंस?" मग शिवाजीनगर कोर्टातले दोन दिवस निघाले. आत्या वकील आहे; तिच्यामागे बाकावर बसून लेकीने एका साक्षीदाराला उलटतपासणीत गाडीचा वेग बदलून सांगताना ऐकलं होतं. ते तिने मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या 1974 च्या प्रयोगाशी जोडलं. अपघाताची फिल्म तीच, पण गाड्या 'आदळल्या' तेव्हा वेग किती होता असं विचारलं की लोक जास्त आकडा सांगतात, 'लागल्या' म्हटलं की कमी. सिरीज गेली, कोर्ट राहिलं.

बारावीचे अंदाजे मार्क कॉलेजकडून लिहून आणायचं कामही मॅडमनीच निभावलं. कॉलेजचे सर म्हणत होते, "बोर्डाच्या आधी मार्क सांगायला मी काय ज्योतिषी आहे?"

कोर्सच्या यादीत मात्र तिथले काउन्सेलर गंडले. पाचातल्या दोन कोर्सना ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यताच नव्हती. ती नसली तर फॉरेन्सिक सायकॉलॉजिस्ट (गुन्हे-कोर्टाच्या कामातला मानसशास्त्रज्ञ) व्हायला आधी कन्व्हर्जन कोर्स, म्हणजे ती मान्यता भरून काढणारा कोर्स, करा, म्हणजे आणखी वर्ष आणि आणखी पाऊंड. नावं सारखीच दिसतात, कुठे 'अँड', कुठे 'विथ'. शेवटी मीच सोसायटीच्या साइटवर एकेक नाव घालून तपासलं. काउन्सेलर म्हणाले, "सर, डिग्री ती डिग्रीच." यांचा सल्ला फुकट असतो, कारण कमिशन युनिव्हर्सिटी देते. हे मला आधी सुचायला हवं होतं.

मुदत होती 14 जानेवारी 2026, लंडनच्या संध्याकाळी सहापर्यंत. म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा. दोन कोर्स बदलेपर्यंत अकरा वाजले. काउन्सेलरचा फोन बंद. मॅडमनी घरून, पोराला झोपवता झोपवता, अर्ज पुढे पाठवला.