कॉन्फिग सर्व्हर की कॉन्फिगमॅप?

मोनोलिथ, म्हणजे एकसंध मोठे अ‍ॅप्लिकेशन, छोट्या सर्व्हिसेसमध्ये फोडताना कोड कुठे विभागायचा यावर महिनोन्महिने चर्चा होते. कॉन्फिगरेशन, म्हणजे टाइमआउटसारखी कोडबाहेरची मूल्ये, कुठे ठेवायचे, हा प्रश्न मात्र अगदी शेवटी समोर येतो. आम्हाला स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कमधल्या चौदा सर्व्हिसेस कुबरनेटिसवर (कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेवर) न्यायच्या होत्या आणि निवड स्प्रिंग क्लाउड कॉन्फिग सर्व्हर (सर्व्हिसेसना मूल्ये पुरवणारा वेगळा सर्व्हर) व कॉन्फिगमॅप (मूल्ये साठवणारा कुबरनेटिसचाच घटक) या दोहोंतून करायची होती. आम्ही आधी पहिला पर्याय वापरला, वर्षभराने दुसऱ्याकडे वळलो.

कॉन्फिग सर्व्हरचे गुण खरे आहेत. सर्व सर्व्हिसेसची मूल्ये एकाच गिट रेपॉझिटरीत राहतात, सामाईक मूल्य एकदाच लिहावे लागते, आणि रिफ्रेश स्कोप (चालू सर्व्हिसला मूल्ये पुन्हा वाचायला लावणारी सोय) नीट लावला असेल तर टाइमआउटसारखी गोष्ट सर्व्हिस बंद न करता बदलता येते. काही सर्व्हिसेस व्हर्च्युअल मशीनवरच राहणार असतील, तर मी आजही हाच पर्याय सुचवीन.

आमचा निर्णय फिरला तो एका त्रासामुळे. सर्व्हिस सुरू होताना सर्व्हरकडून मुख्य ब्रँचवरची त्या क्षणाची मूल्ये घेते. दुपारी कोणीतरी कनेक्शन पूलचा (तयार ठेवलेल्या डेटाबेस जोडण्यांचा) आकार बदलून कमिट करतो, रिफ्रेश मात्र देत नाही. रात्री एखादा नोड (क्लस्टरमधले मशीन) मेमरीअभावी पॉड (सर्व्हिसची चालू प्रत) बाहेर काढतो, नवा पॉड नवे मूल्य घेऊन उठतो, आणि एकाच सर्व्हिसच्या तीन प्रतींपैकी दोन जुन्या व एक नव्या मूल्यावर चालू राहते. कोणीही डिप्लॉय केलेले नसते, इमेज तीच असते, आणि तरीही तीनांतली एक विनंती अडकते. असा एक दोष शोधण्यात आमचे दोन दिवस गेले. लेबल (कोणत्या ब्रँचवरची वा कमिटची मूल्ये घ्यायची हे सांगणारी सेटिंग) विशिष्ट कमिटला बांधून हे टाळता येते, हे मान्य आहे. पण मग प्रत्येक बदलासाठी ते लेबल डिप्लॉयमेंटमध्ये बदलावेच लागते, आणि वेगळ्या सर्व्हरचे प्रयोजन बरेच कमी होते.

नुसता कॉन्फिगमॅप यावर उपाय नाही, हे येथे स्पष्ट सांगायला हवे. नाव तेच ठेवून आतली मूल्ये बदलली, तर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल जुनेच राहते, व्हॉल्यूम म्हणून (पॉडमध्ये फोल्डरसारखी) जोडलेली फाइल थोड्या वेळाने बदलते, सबपाथने (त्यातली एकच फाइल उचलून) जोडलेली बदलतच नाही. म्हणजे तोच गोंधळ नव्या रूपात उभा राहतो. फरक पडला तो कस्टमाइझ या कुबरनेटिसच्या फाइली तयार करणाऱ्या साधनातल्या कॉन्फिगमॅप जनरेटरमुळे. तो आशयावरून काढलेला हॅश (आशय बदलला की बदलणारी छोटी खूण) नावाच्या शेवटी जोडतो, त्यामुळे मूल्य बदलले की नाव बदलते, नाव बदलले की रोलआउट होतो, म्हणजे सगळे पॉड नव्याने सुरू केले जातात, आणि रात्री उठलेला पॉड आपल्या भावंडांचीच मूल्ये घेऊन उठतो.

याची किंमतही आहे. लॉग लेव्हल बदलायलाही रोलआउट लागतो, सामाईक मूल्ये काही प्रमाणात पुन्हा लिहावी लागतात, आणि पासवर्डसाठी सीक्रेट (गुप्त मूल्यांसाठीचा कुबरनेटिसचा घटक) वापरले तरी त्यातले बेस ६४ हे नुसते लिहिण्याचे रूप आहे, एन्क्रिप्शन नव्हे, त्यामुळे ती व्यवस्था वेगळी करावी लागते. तरीही सर्व सर्व्हिसेस कुबरनेटिसवरच जाणार असतील, तर माझा कल निःसंशय याच बाजूला आहे. फक्त हॅशची जुनी नावे साफ करण्याची घाई करू नये: रोलआउट मागे घेताना जुना पॉड जुन्याच नावाचा कॉन्फिगमॅप मागतो, आणि तो पुसलेला असेल तर कंटेनर सुरूच होत नाही.