आमदारसाहेबांचं संपर्क कार्यालय : टोकन मिळतं, चहा नाही

पाचपैकी साडेतीन तारे. अर्धा कापला तो चहासाठी. आख्खा एक का कापला ते पुढं सांगते.

माझं तहसील कचेरीसमोर झेरॉक्सचं दुकान आहे. अर्ज भरून देते, प्रतिज्ञापत्र टाईप करते, 'आपले सरकार'वर कागद चढवते. आमचे आत्ताचे आमदार पूर्वी महसूल खात्यात मोठे अधिकारी होते. त्यांच्या एका सहीसाठी माणसं दिवसदिवस माझ्या पायरीवर बसलेली मी पाहिलीत. नाव लिहीत नाही, तालुकाही लिहीत नाही, मला इथंच धंदा करायचाय.

काम माझं स्वतःचंच होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं. सासऱ्यांच्या नावचा सातबारा हाताने लिहिलेला होता तोवर 46 आर (आर म्हणजे जवळजवळ गुंठाच) होता, कॉम्प्युटरवर चढताना 40 झाला. सहा गुंठे हवेत. लोकांचे असले अर्ज मी रोज भरते, आणि माझाच आठ महिने पडून. तलाठी म्हणतो सर्कलला, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याला, भेटा, सर्कल म्हणतो टेबलावर आहे. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं. पाटी बदलली, खुर्ची तेवढीच रिकामी.) शेवटी नवरा म्हणाला, आमदारांकडं जाऊन ये.

आधीच्या आमदारांकडं गेलं की पहिला चहा यायचा. मग साहेब आपल्या देखत तहसीलदारांना फोन लावायचे, स्पीकरवर. "आमच्या ताई आल्यात, बघा जरा." काम व्हायचंच असं नाही, पण फोन झाल्याचं समाधान घेऊन माणूस घरी जायचा. इथं दारातच टोकन देतात. माझं 17 नंबर. आत टेबलाशी एक निवृत्त अव्वल कारकून बसलेले, साहेबांच्या हाताखाली पूर्वी काम केलेले. त्यांनी अर्ज घेतला, रजिस्टरला आवक क्रमांक टाकला, पोच दिली. आमदाराच्या ऑफिसात शिक्क्याची पोच मी आयुष्यात पहिल्यांदा बघितली. तेवढ्यावरच मी एक तारा दिला होता.

भिंतीवर चिंतामणराव देशमुखांचा फोटो. आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, 1952 ला कुलाब्यातून लोकसभेवर गेले आणि 1956 ला मुंबईच्या प्रश्नावर अर्थमंत्रिपद सोडलं. अधिकारी राजकारणात आला की हा फोटो लावणं सोपं. त्यातलं शेवटचं वाक्य जमणं अवघड.

साहेबांनी माझा अर्ज वाचला. खरंच वाचला, पेन्सिल हातात धरून, ओळीखाली रेघ मारत. मी घड्याळ बघितलं, चार मिनिटं. मग म्हणाले, "बाई, 'क्षेत्र कमी केले आहे' असं का लिहिलंत? कुणी कमी केलं म्हणून चौकशी लागेल. जमीन महसूल कायद्याच्या कलम 155 खाली दुरुस्ती मागताय ना? मग 'संगणकीकरणात लेखनप्रमाद झाला' असं लिहा. आणि जुन्या हस्तलिखित सातबाराची नक्कल कुठाय? रेकॉर्ड रूममधून काढा, ती जोडल्याशिवाय तहसीलदार सही कशी करेल?" फोन कुणालाच केला नाही. मी जरा नाराजच होऊन बाहेर पडले. पण नक्कल काढली, अर्ज बदलला, तलाठ्याचा अहवाल गेला, आदेश निघाला. सहा गुंठे परत आले. आता दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला मी "लेखनप्रमाद" लिहून देते, त्याचे जास्तीचे पैसे घेत नाही.

आता कापलेला तारा. माझ्या आधी 16 नंबरला एक आजोबा होते, संजय गांधी निराधार योजनेच्या मदतीचं प्रकरण नामंजूर झालेलं. साहेबांनी कागद बघितला आणि म्हणाले, "उत्पन्न 21 हजारांच्या वर दाखवलंय. नियमात बसत नाही." आजोबा टोपी हातात घेऊन उभे. म्हणाले, "नियमात बसत असतं तर तुमच्याकडं कशाला आलो असतो, साहेब?"

साहेबांनी वर बघितलं. उत्तर सुचलं नाही त्यांना. म्हणाले, "पुढचा."

मला माझ्या माहेरचं आठवलं. माझं माहेर पाटण तालुक्यातलं. तिथले मारूळ हवेलीचे श्रीनिवास पाटील 1999 ला आयएएसची नोकरी सोडून कराडमधून उभे राहिले आणि पृथ्वीराज चव्हाणांना हरवून खासदार झाले. पुढं सिक्कीमचे राज्यपाल, आणि 2019 ला, पवारांच्या त्या पावसातल्या सभेनंतर, साताऱ्याच्या पोटनिवडणुकीत उदयनराजेंना हरवून परत खासदार. आमच्याकडं त्यांच्या मिशा जेवढ्या ठाऊक तेवढ्याच गप्पा ठाऊक. आमच्या आळीत त्यांना कलेक्टर म्हणून कुणी बोललेलं मला आठवत नाही, ते पाटीलच. आमचे साहेब अजून साहेबच आहेत. अधिकारी "बसत नाही" म्हणाला की त्याचं काम संपतं. आमदार तसं म्हणाला तर त्यानं निदान ती 21 हजारांची अट अधिवेशनात काढायला पाहिजे, तेवढ्यासाठीच तर तिकडं पाठवलाय. आजोबांना हे सांगता आलं नसतं, मला सांगता आलं असतं. मी 17 नंबर हातात धरून गप्प बसले, तोही एक तारा माझा मी कापून घेते.

मागच्या आठवड्यात आजोबांचं काय झालं ते विचारायला कारकूनभाऊंकडं गेले होते. ते म्हणाले, "आवक क्रमांक सांगा."

जाणाऱ्यांसाठी : सोमवार आणि गुरुवार, दहा ते एक. साडेनऊला पोचलात तर टोकन पहिल्या वीसात लागतं. मूळ कागद देऊ नका, साहेब पेन्सिलनं रेघा मारतात. बसायला बाक आहे, पंखा आहे, पाण्याचा माठ भरलेला असतो. झेरॉक्स आत मिळत नाही. समोर माझ्याकडं मिळते, दोन रुपये पान, आणि चहा सांगितला तर शेजारून येतो.