रिंग की माख-झेंडर? प्रकाशाच्या चिपवर न्यूरल नेटवर्क करणाऱ्यांसाठी

एम.टेक.च्या प्रोजेक्टसाठी फोटॉनिक चिप ठरवायची म्हटलं की गाडी याच दोन नावांवर येऊन अडते: रिंग, म्हणजे ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश पकडणारी गोल कडी, आणि माख-झेंडर, म्हणजे प्रकाश दोन भुजांत वाटून पुन्हा एकत्र आणणारा इंटरफेरोमीटर. मी आधी रिंग घेतली, वर्षभराने माख-झेंडरवर गेलो. तेव्हा थोडं झुकतं माप दिसलं तर समजून घ्या.

कागदावर रिंगच जिंकते. पाच-दहा मायक्रॉन त्रिज्या, एका वेव्हगाइडवर (प्रकाश वाहून नेणाऱ्या वाटेवर) ओळीने बसवायच्या, प्रत्येकीला वेगळी तरंगलांबी, प्रत्येक रिंग म्हणजे एक वेट (नेटवर्कमध्ये इनपुटला ज्याने गुणायचं तो आकडा). माख-झेंडर त्यापुढे अवाढव्य, आणि आठ बाय आठच्या एका युनिटरी जाळीलाच (आठ इनपुट, आठ आउटपुट, प्रकाशाची एकूण शक्ती न बदलणारी) २८ लागतात.

पण रिंगला ताप सोसत नाही. १५५० नॅनोमीटरला क्यू (रेझोनन्स किती टोकदार ते सांगणारा आकडा) दहा हजारांच्या आसपास असेल तर रेझोनन्सच्या खळग्याची, म्हणजे रिंग जो प्रकाश पकडते त्या पट्ट्याची, रुंदी जेमतेम ०.१५ नॅनोमीटर, आणि सिलिकॉनमध्ये तो अंशागणिक साधारण ०.०८ सरकतो. दोन अंश वाढले की खळगा लेसरखालून पसार! चिपखाली टीईसी (विजेवर चालणारा छोटा कूलर) होता हो, पण तो थर्मिस्टरचं (तापमान मोजणाऱ्या सेन्सरचं) तापमान सांभाळतो, रिंगचं नाही. प्रत्येक रिंग तिच्या हीटरने तापवून जागेवर आणायची, पण तिसऱ्या रिंगचा हीटर वाढवला की चौथीचं वेट बिघडायचं. चौथी जागेवर आणेपर्यंत तिसरी रुसलेली. त्यात पुण्यातला एप्रिल, दर वीस मिनिटांनी धडधडणारा लॅबचा एसी, आणि गुरुवारी लाईट जायची. (प्रकाशाची चिप, आणि लाईट गेली म्हणून बंद. हा विनोद आमच्याकडे सगळ्यांचा करून झालाय.) सकाळी लावलेली वेट्स जेवून येईपर्यंत टिकली, असा दिवस मला तरी आठवत नाही.

माख-झेंडरच्या दोन्ही भुजा सारख्या लांबीच्या असल्या की त्या एकत्रच तापतात, फरक बराचसा जागच्या जागी राहतो. शेजाऱ्याच्या हीटरचा त्रास इथेही आहे, पण सोसण्याजोगा. खरी रड वेगळीच: प्रकाश दोन भुजांत वाटणारे स्प्लिटर कधीच नेमके निम्मे-निम्मे नसतात आणि जाळी खोल गेली की चुका साचतात. एमआयटीच्या २०१७च्या चिपवर ५६ इंटरफेरोमीटर होते. बोलण्यातले स्वर ओळखण्यात तिला ७६.७ टक्के मिळाले, साध्या संगणकावर ९१.७. पण स्प्लिटरची ही चूक निदान रोज तीच असते. एकदा कॅलिब्रेशन केलं की आठवडाभर मी त्या फाइलला हात लावत नाही.

शेकडो वेट्स एका चिपवर हवीच असतील तर रिंगला पर्याय नाही, हे मान्य. तसं असेल तर प्रत्येक रिंगवर फीडबॅक लूप (खळगा सरकला की हीटर आपोआप सावरणारी यंत्रणा) लावायचे सहा महिने आधीच गाइडकडून मागून घ्या.