परदेशात जुनी बोट, मालकाला कॅशच हवी : ब्रोकरच्या सर्व्हिसचा रिव्ह्यू

युरोपात जुनी शिडाची बोट घेतली, मालक कॅशवर अडून बसलेला, म्हणून मध्ये ब्रोकर घातला आणि खरं सांगते, फी पूर्ण वसूल झाली. मरीनात (बोटी लावून ठेवायच्या धक्क्यावर) किंवा बोटीवर पैसे मोजायचेच नाहीत हा त्यांचा नियम मला सगळ्यात आवडला. सगळं मालकाच्या बँकेत, काउंटरवर मशीनने दोघांसमोर नोटा मोजल्या, खोटी नोट असेल तर तिथेच कळते, आणि रक्कम लगेच त्याच्या खात्यात, म्हणजे एवढी कॅश घेऊन फिरायचं टेन्शन त्यालाही नाही. बिल ऑफ सेलवर, म्हणजे विक्रीच्या कागदावर, सह्या त्याच टेबलावर, पैसे मिळाल्याची पावती पण.

त्याआधी बोटीच्या मागे उजवीकडे असलेला हल नंबर, म्हणजे बोटीचा ओळख नंबर, रजिस्ट्रेशनच्या कागदाशी एकेक अक्षर जुळवून दाखवला. बोटीवर कर्ज नाही, व्हॅट भरलाय, हे कागद आधीच मागवलेले.

युरोपियन युनियनमध्ये शिरताना १०,००० युरो किंवा जास्त कॅश असेल तर कस्टम्सला डिक्लेअर करावीच लागते, हे त्यांनी निघायच्या आधी सांगितलं, आणि तो कागद नंतर बँकेने मागितलाच! जुलै २०२७ पासून तिथे धंदेवाल्या विक्रेत्याला १०,००० युरोच्या वर कॅश देताच येणार नाही, खाजगी मालकाकडून घेतली तर चालेल, पण काही देशांत मर्यादा आताच बरीच कमी आहे, ते आधी विचारा.

मेलला उत्तर उशिरा देतात, तेवढा एक स्टार कापला.